आजोबांच्या फोटोबद्दल, स्टुडिओकडून

ताई, नमस्कार. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी लग्नाचं पूर्ण पॅकेज घेतलं, आता आजोबा गेल्यावर फेट्यातला त्यांचा फोटो मोठा करून हवा होता, तर आम्ही ‘एडिट केलेली फाइल नाही’ म्हणून हात वर केले, पुन्हा एडिटिंगचे ८०० रुपये मागितले, आणि दिलेला पेनड्राइव्हही उघडत नाही. ‘यांनी आमचे फोटो डिलीट केले’ असंही आहे.

डिलीट केलेले नाहीत, एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

काउंटरवरच्या मुलाने पावतीच्या मागची ‘फाइल्स १ वर्ष ठेवल्या जातील’ ही ओळ दाखवली. ती ओळ मीच छापून घेतली आहे, त्याचा दोष नाही. पण वर्ष भरायच्या आधीच फाइल गेली होती, म्हणजे ती ओळ दाखवायचा आम्हाला अधिकारच नव्हता.

झालं ते असं. २०१९ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं. कोल्हापुरातल्या व्हीनस कॉर्नरकडची दुकानं ज्यांनी तेव्हा पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाचे रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले कच्चे मूळ फोटो, दोन हार्ड डिस्कवर उतरवतो. एक दुकानात, दुसरी राजारामपुरीत मेहुण्यांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा आम्ही निवांत होतो. तुमच्या लग्नाचे ४,२०० रॉ फोटो, सुमारे १२० जीबी, आजही दोन्हीकडे आहेत.

गेलं ते त्यांच्यावरचं काम. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करताना मूळ फोटोला हात लागत नाही. कुठे उजेड वाढवला, कुठला रंग उतरवला, याची नुसती नोंद होते, आणि ती नोंद कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये बसते. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीसारखं समजा : रवे वखारीत, हिशेब चोपडीत. आमची वखार दोन ठिकाणी होती, चोपडी एकच. ती एडिटिंगच्या कॉम्प्युटरमधल्या एसएसडीवर, म्हणजे नव्या प्रकारच्या, आत काही न फिरणाऱ्या डिस्कवर होती, आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका सकाळी ती एसएसडी दिसेनाशीच झाली. जुनी हार्ड डिस्क मरताना बऱ्याचदा निदान कटकट आवाज करते, हिने काहीच कळवलं नाही. पुण्याला रिकव्हरीला पाठवली, तशीच परत आली.

लाइटरूम बंद करताना ‘बॅकअप घेऊ का’ विचारतं, आणि आम्ही इमानदारीत ‘हो’ म्हणत होतो. पण ते बॅकअप, आपण जागा बदलली नाही तर, त्याच कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतं. शिवाय त्यात फोटो नसतात, नुसता कॅटलॉग असतो. म्हणजे चोपडीची नक्कल त्याच गल्ल्यात. ती जागा एकदाही उघडून पाहिली नाही, ही माझी चूक. दोन जीबीचीही नव्हती ती फाइल. मेहुण्यांकडच्या डिस्कच्या कोपऱ्यात मावली असती. अल्बमच्या पानांच्या फोटोशॉप फाइल्स (पीएसडी) आणि पेनड्राइव्हसाठी काढलेल्या जेपीजीही त्याच एसएसडीवर होत्या.

दुसरी चूक याहून मोठी. हे झाल्यावर त्या वर्षीच्या सगळ्या ग्राहकांना फोन करायला हवा होता. ‘रॉ आहेत ना, कोण मागायला येतंय’ म्हणून गप्प बसलो.

आता तुमचा फोटो. व्हॉट्सॲपवरचा तुम्ही पाठवलात तो बारा बाय अठरा इंचाला चालत नाही. त्या मापाला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३,६०० बाय ५,४०० पिक्सेल लागतात. म्हणून रॉवरून मी स्वतः पुन्हा काम केलं. मांडवातल्या लाल एलईडीमुळे आजोबांचा डावा गाल आणि फेट्याचा शेव एकाच रंगात मिसळला होता. गालावरचा लाल उतरवला की कपाळावरचा गंध फिका पडायचा, मग गंध वेगळा मास्क करून, म्हणजे तेवढा भाग झाकून, सोडला. तुमच्या भावाने आणून दिलेल्या अल्बमचं पान स्क्रीनशेजारी धरून रंग जुळवला. अगदी तोच नाही. फेटा अल्बमपेक्षा किंचित गडद आहे, आणि माझ्या मते बरा आहे. मागची प्लॅस्टिकची खुर्ची मात्र या वेळीही काढून टाकली आहे. पैसे नाहीत, फ्रेमचेही नाहीत.

आता कॅटलॉगचं बॅकअप वेगळ्या डिस्कवर जातं, दर रविवारी मेहुण्यांकडेही. लाइटरूमच्या सेटिंगमध्ये एक्सएमपी या फाइलची खूण केली आहे, त्यामुळे प्रत्येक रॉच्या शेजारी त्याच्या एडिटची छोटी फाइल बसते. कॅटलॉग बाजूला ठेवून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं, काम दिसतं. त्या वर्षीच्या बाकीच्या घरांना फोन चालू आहेत.

पेनड्राइव्ह घेऊन या, प्रयत्न करतो. उघडला नाही तर हव्या त्या फोटोंची यादी द्या, नव्याने करून देतो. वर्षश्राद्धाला अजून नऊ दिवस आहेत असं भाऊ म्हणाला. फ्रेम तयार आहे, गुरुवारी दुकान बंद असतं तेवढं सोडून कधीही न्या. येताना अल्बमची पेटी आणा, भावाने अल्बम नुसताच दिला होता, सध्या आमच्याकडे धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवलाय.