‘५९० मिळवा अन् मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या भाऊंना

जुन्या वंशावळीतला सन कसा लावायचा, यावरच्या लेखाखाली ‘तापीकाठ’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया अशी: “लेखक उगाच पांडित्य पाजळतात. जुन्या कागदातला सन म्हणजे फसली. ५९० मिळवा, इसवी सन हातात. ‘कोम’ म्हणजे जात, बायको नव्हे. फोटोही नीट दिसत नाहीत.”

भाऊ, पाच वाक्यांतलं पहिलं टोमण्यात घालवलंत. माझं नाव लेखाच्या डोक्यावर आहे, तुम्ही मात्र टोपणनावाआडून पांडित्य मोजताय. मोडी मी दफ्तरं चाळून शिकलो, त्यामुळे हा शब्द झोंबला, लपवत नाही. फोटो धूसर आहेत, हे मात्र कबूल. मोठे करून टाकतो.

आता तुमचे ५९०. फसलीला, म्हणजे सारावसुलीसाठी धरलेल्या सनाला, ५९० मिळवायचे, हे लेखात पहिल्याच परिच्छेदात आहे. तिथवर वाचलं असतंत तर बरं झालं असतं. पण पेशवाईतले कितीतरी कागद सुहूर सन, म्हणजे फसलीहून वेगळी कालगणना, सांगतात, आणि तोही अरबी संख्याशब्दांत. उदाहरणार्थ ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. एकं आधी, हजार शेवटी. बेरीज ११६१. हे पानिपतचं साल. तुमच्या हिशेबाने पानिपत १७५१ मध्ये झालं म्हणायचं! सुहूरला ५९९ मिळवतात, आणि जानेवारीपासून मृग लागेपर्यंत ६००, कारण हा सन सूर्य मृगात गेला की बदलतो. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ अधिक ६००, म्हणजे १७६१. त्याच दिवसाचा शक १६८२, महिना पौष. त्यात ७९ मिळवा, तिथेही १७६१ च येतं.

सुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचं अंतर आहे. सुहूरला फसली समजलात की घटना नऊ वर्षं मागे सरकते. मग वतनाच्या तंट्यात मुलगा बापाच्या लग्नाआधीच अर्ज करताना दिसतो, आणि लोक मधली एक पिढी मनाने घुसडून मोकळे होतात. अशा वंशावळी खानदेशात घरोघरी फ्रेम करून लावलेल्या आहेत.

वाचतानाही पाय घसरतो. सबा सात, सबैन सत्तर. समान आठ, समानीन ऐंशी. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा नेम नसतो, अनुस्वार बहुधा गळालेला. म्हणून एकंचा शब्द आधी ठरवावा, मग दहंचा. दोन दहं निघाले तर वाचन चुकलं. कधी नुसतं ‘अर्बा सबैन’ एवढंच असतं, शतक गाळलेलं. तेव्हा कागदात पेशव्याचं किंवा कारभाऱ्याचं नाव आहे का बघावं. आकड्याआधीचा ‘छ’ हा चंद्र, म्हणजे पुढचा महिना हिजरी. तो मराठी तिथीत ढकलू नये.

व्यापाऱ्यांच्या चोपड्यांचा प्रकार आणखी वेगळा. तिथे बहुधा विक्रम संवत, पाडव्याला बदलणारा, पण तो दिवाळीचा पाडवा. दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, पुढे ५६. आणि शीर्षकात ‘पूर्व खानदेश’ असेल तर कागद १९०६ च्या आधीचा नव्हेच, कारण जिल्ह्याची फाळणी त्या साली झाली.

‘कोम’चं दोन ओळींत आटोपतो. ‘गंगाबाई कोम सखाराम’, म्हणजे बाईच्या नावापुढे पुरुषाचं नाव आलं, तर ती त्याची बायको. पुढे ‘कुणबी’ आलं तर जात. दोन्ही चालतं, मागचं-पुढचं बघावं लागतं. यावर अधिक वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

तरीही वाद घालायचाच असेल तर तुमच्या घरच्या कागदातली सनाची अख्खी ओळ मोडीतच टाका. तुम्ही काढलेला आकडा नको.