बिबड्यांचा पंचनामा

वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिकडे बोरीच्या पात्रात पाळणे लागतात, इकडे आमच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे खान्देशी पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि पहाटे ओल्या धोतरावर हाताने थापायचा. ऊन चढायच्या आत सगळं आटपावं लागतं, कारण नऊनंतर गच्चीवर अनवाणी पाय ठेवला तर आपलाच बिबडा होतो.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी वाळवण उचलताना आईचा आवाज आला. "मना बिबडा कोन लई गया रे?"

सात कमी होते. आई बिबडे मोजते. पेन्शन आली की नाही हे ती मला विचारते, पण बिबड्यांचा हिशेब तिला तोंडपाठ असतो.

मी निवांत होतो. घराला चार कॅमेरे आहेत, खाली दिवाणखान्यात डीव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रण साठवणारा डबा आहे, त्यात एक टीबीची हार्डडिस्क आहे. चोर दोन मिनिटांत पकडून देतो, असं मी छाती फुगवून सांगितलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर पाटी आली: हार्डडिस्क नाही. डीव्हीआर टीं-टीं करत होता. कान लावला तर आतून दुसराच आवाज. टक्... टक्... टक्... जरा थांबून पुन्हा टक्. पालीने चुकचुकावं तसा.

सकाळी बघतो तर डिस्क जागेवर, टीं-टीं बंद. घाईघाईने कालची तारीख टाकून शोधलं. रेकॉर्डिंग नाही. परवाची टाकली. नाही.

कॅमेरे बसवणाऱ्या पोराला बोलावलं. त्याने डीव्हीआरच्या पाठीवर दोन थापा मारल्या, टक्-टकचं वर्णन ऐकलं आणि डॉक्टर जसा चष्मा काढतो तसा हेल्मेट काढून म्हणाला, "मरी गयी. नवी टाका. साडेचार हजार." सात बिबड्यांसाठी साडेचार हजार! शेजारच्या अण्णांनी फुकटचा उपाय सुचवला: डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची, जिवंत होते. हा उपाय पुष्कळ वर्षं हिंडतो आहे. पण गार डिस्क आमच्या ४४ अंशांत बाहेर काढली की तिला दव धरणार, आणि डिस्कच्या आत चकतीवरून वाचणारं डोकं केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. तिथे ओल कुठून परवडायची! शिवाय फ्रीजरमध्ये आमरस होता. आईने प्रकरण तिथेच निकाली काढलं.

मग मी स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेतला. डीव्हीआरवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल होता आणि रुमालावर पितळी हत्ती. हत्ती बाजूला ठेवला. झाकण उघडलं तर आत जत्रेतल्या रस्त्याएवढी धूळ. डिस्कची केबल काढून पुसून पुन्हा लावली (निम्मे आजार एवढ्याने जातात, असं मानायला मला आवडतं). गेला नाही.

डिस्क काढून जुन्या कॉम्प्युटरला जोडली. जोडताक्षणी त्याने विचारलं, फॉरमॅट करायची का? ही एक गंमतच आहे. डीव्हीआर स्वतःच्या मोडी लिपीत लिहितो, कॉम्प्युटरला ती वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून तो सगळं पुसायला निघतो. 'नाही'वर बोट टेकवताना मला घाम फुटला होता.

त्यानंतर डिस्कची कुंडली काढली. प्रत्येक डिस्क आपल्या दुखण्याखुपण्याची नोंद स्वतःच ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. फुकट प्रोग्रॅममध्ये दिसते. खराब म्हणून बदललेले सेक्टर: शून्य. संशयित सेक्टर: शून्य. चाललेले तास: ३१ हजार ४००, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. एवढ्या राबणुकीनंतर अशी तब्येत आमच्या वडिलांची, म्हणजे नानांचीही नाही. फक्त एका आकड्याशी मी अडखळलो. चालू-बंद: ४ हजारांच्या वर. जी डिस्क रात्रंदिवस फिरत राहायची, ती ४ हजार वेळा बंद पडून उठली होती. एवढ्या वेळा तर आमच्याकडची लाइटसुद्धा जात नाही!

म्हणजे डिस्क मेली नव्हती, तिचं पोट भरत नव्हतं. चार कॅमेरे आणि डीव्हीआर, सगळे एकाच १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर जगत होते. दिवसा भागायचं. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागणार, ते जास्त करंट ओढणार, आणि म्हातारा अ‍ॅडॉप्टर दिवेलागणीलाच मान टाकणार.

संध्याकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण मला दम निघेना. भर दुपारी एक वाजता, डोक्याला गमछा गुंडाळून, मी शिडीवर चढलो आणि एकेका कॅमेऱ्यावर पोराच्या शाळेचा काळा मोजा चढवू लागलो.

अण्णा खिडकीतून बघत होते. "काय करी ऱ्हायना रे भो?"

"रात करी ऱ्हायनू."

त्यांनी खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या मोज्याला खालून बायकोची हाक आली, टक् झालं म्हणून. चौथा चढवून खाली धावलो. मल्टिमीटरवर ११.९ व्होल्टचे १०.४ झाले होते. डीव्हीआर टीं करून बंद पडला आणि कण्हत पुन्हा उठला. उठला आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख आली: १ जानेवारी २०००, रात्रीचे बारा.

आतल्या घड्याळाचा नाण्याएवढा सेलही गेला होता! रोज संध्याकाळी सातला डबा पडायचा, उठायचा आणि त्याचं २००० साल उजाडायचं. आमचा अख्खा उन्हाळा एका १ जानेवारीत कोंबलेला होता.

नवा अ‍ॅडॉप्टर आणला आणि त्या १ जानेवारीत शोध घेतला. सापडलं. चार नंबरच्या कॅमेऱ्यात नाना. एका हातात तेलाची वाटी, दुसऱ्या हातात मूठभर शेंगदाणे. पाठ करून उकिडवे बसलेले, अर्धओला बिबडा धोतरावरून अलगद सोडवत होते. अर्धओला बिबडा, कच्चं तेल आणि शेंगदाणे. खरं सांगायचं तर मीही सातावर थांबलो नसतो.

सगळं घर टीव्हीपुढे बसलं. नानांनी चष्मा लावला, पडद्याच्या कोपऱ्यात बारकाईने पाहिलं आणि आईकडे वळले. "तारीख वाच. जानेवारीमा बिबडा करस का कोनी?" मग वेळेवर बोट ठेवलं. संध्याकाळचे ६.४०. "आन संध्याकाळना पावणेसातले इतलं ऊन?"

आईने तारीख पाहिलीच नाही. ती वाटीकडे बघत होती. "लोणचाकरता ठेयेल तेल ते," एवढंच म्हणाली.

शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवसापासून वाळवणाची राखण नानांकडे. गच्चीवर छत्री, खुर्ची, काठी. मी नवा सेल घातला, तारीख-वेळ नीट लावली आणि दुपारी जेवून सहज टीव्ही लावला. एक वाजून चाळीस मिनिटं. नाना खुर्चीतून उठले, कॅमेऱ्याकडे रोखून पाहत जवळ आले आणि गळ्यातला गमछा काढला.

चार नंबरच्या चौकटीत रात्र झाली. मी डीव्हीआरला कान लावला. टक् काही झालं नाही.