लेहच्या वाटेवर इंजिन बंद करू नका

परवा बाबांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली माझ्या धाकट्या भावासाठी लिहिलं, ‘लेहला जाशील तेव्हा हे नक्की करून बघ.’ भाऊ जूनमध्ये बायको-मुलांना घेऊन, स्वतः गाडी चालवत निघालाय. मेसेज असा: लेह-कारगिल रस्त्यावर, लेहपासून तीसेक किलोमीटरवर मॅग्नेटिक हिल आहे. रस्त्यावर आखलेल्या चौकोनात गाडी उभी करा, इंजिन बंद करा, न्यूट्रलमध्ये टाका. डोंगरातलं चुंबक गाडीला ताशी 20 किलोमीटरने चढावर ओढून नेतं. म्हणूनच विमानं तिथून जास्त उंचीवरून जातात. आणि आपल्या नाणेघाटात पाणी वर चढतं, तीही हीच शक्ती.

आधी इंजिनाचं बोलतो, कारण यात जीव जाऊ शकतो. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एक-दोनदा दाबल्यावर संपते. मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टीअरिंग जातं. कुणी किल्ली काढून घेतली तर स्टीअरिंग लॉकच होऊ शकतं. हा राष्ट्रीय महामार्ग आहे, लष्कराचे ताफे आणि ट्रक त्याच रस्त्याने जातात. बाबा, घाट उतरताना तुम्ही आम्हाला कधी गाडी न्यूट्रल करू दिली नाहीत. मग इथे का? इथेही गाडी उतारावरूनच जाते.

हो, उतारच. गाडी हलते हे खरं आहे, त्यात कुणाची लबाडी नाही. पण ती वर जात नाही, खाली येते. फक्त तो उतार आपल्याला चढ दिसतो.

चढ की उतार हे डोळा आजूबाजूच्या गोष्टींशी तुलना करून ठरवतो. समुद्रकिनारी ते सोपं असतं, कारण क्षितिज नजरेच्या पातळीला असतं. लडाखात खरं क्षितिज डोंगरांनी झाकलेलं. मग मेंदू समोर पसरलेल्या जमिनीलाच सपाट धरून चालतो. समजा, आजूबाजूचा सगळा माळ तीन अंशांनी खाली उतरतोय आणि त्याच दिशेला रस्ता एकाच अंशाने उतरतोय. माळ सपाट धरला की रस्ता दोन अंशांनी वर चढताना दिसणार. कागदावर दोन रेघा मारून बघा, पटेल. मोठ्या उतारानंतर लगेच लागलेला हलका उतारही असाच चढ वाटतो. घरं, भिंती, विजेचे खांब असे ओळंब्यात उभे काही जवळ असेल तर नजर सावरते. उजाड पठारावर तसं फारसं काही मिळत नाही.

आता मेसेजमधलाच वेग धरू. स्थिर गाडीला ताशी 20 किलोमीटर यायला, घर्षण सोडलं तर, साधारण 1.6 मीटर खाली यावं लागतं. टायरचं घर्षण धरून तीन-चार मीटर घ्या. दोनशे मीटर रस्त्यात एवढा फरक म्हणजे जेमतेम अंशभर उतार, तो नजरेला कळत नाही. ‘मोबाइलवर उंची वाढताना दिसली’ म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, जीपीएसची उंचीतली चूकच अनेकदा याहून मोठी असते.

हे मी मनाने सांगत नाही. 2003 साली इटलीतल्या मानसशास्त्रज्ञ पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी टेबलावर अशा रस्त्यांच्या लहान प्रतिकृती करून लोकांना दाखवल्या. तिरक्या जमिनीमुळे नजरेची पातळीच फसते आणि उतार चढ दिसतो, हे त्यातून निघालं. शेवटी त्यांनी त्या रस्त्यावर चिकटपट्टीचं रीळ ठेवलं. ते ‘वर’ जाताना पाहून लोक चकित झाले, काही जण तर भारावून घाबरले. टेबलावर कुठलं चुंबक आलं? स्कॉटलंडमध्येही असाच एक रस्ता आहे, इलेक्ट्रिक ब्रे. पूर्वी तिथे लोक विजेला श्रेय देत. आता रस्त्याकडेच्या दगडावर दोन्ही टोकांची उंचीच कोरली आहे: 286 फूट आणि 303 फूट.

चुंबकाबद्दल एवढंच मान्य करतो की काही खडकांत चुंबकत्व असतं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकातही (बेसॉल्ट) मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज आहे आणि होकायंत्राची सुई त्याने जराशी हलू शकते. पण हजार-दीड हजार किलोची गाडी ओढणं वेगळं. शिवाय अशा रस्त्यांवर पाणी आणि रबरी चेंडूही ‘वर’ जातात, त्यांना चुंबक कसं ओढणार? विमानांचं तर सोडाच, लेहचा विमानतळ तिथून तासाभराच्या आतच आहे आणि तिथे विमानं रोज उतरतात. नाणेघाटातलं पाणी पावसाळी वारा कड्यावरून वर फेकतो. वारा पडला की धार मुकाट खाली येते.

भावाच्या डिकीत मी गवंड्याची लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी, ठेवली आहे, दहा मीटरची. त्याला सांगितलंय, गाडी रस्त्याबाहेर लाव, हँडब्रेक ओढ, मुलांना कडेला घे. पाइपमध्ये पाणी भरून बुडबुडे काढ, दोन टोकं रस्त्याच्या कडेने लांब धर. ज्या टोकाला पाणी जमिनीपासून जास्त उंच, ती बाजू खालची. दीड टक्क्याच्या उताराला दहा मीटरमध्ये पंधरा सेंटीमीटर फरक येतो, शाळेच्या पट्टीनेही मोजता येईल.

आणि बाबा, तो मेसेज आजच ग्रुपवरून काढा.