कॅराव्हॅन आणि मुक्कामाची सोय

महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन करायच्या पर्यटनाची धोरणे जाहीर केली, मध्य प्रदेशातही पर्यटन महामंडळाने अशा गाड्या भाड्याने देऊन पाहिल्या, आणि आता इंदूरच्या आमच्या मराठी नातेवाइकांत सुट्ट्यांचा विषय निघाला की या गाड्यांवरून दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असे की इंदूरहून मांडू, महेश्वर, हनुवंतिया असे फिरायला फिरते घरच मिळाले, तर लहान मुलांना घेऊन जाणे कितीतरी सोपे होईल. दुसऱ्या बाजूचे प्रतिनिधी म्हणजे रामबागेतले माझे काका. मांडू जेमतेम शंभर किलोमीटरवर असताना सकाळी डबा घेऊन निघावे आणि रात्री आपल्या अंथरुणावर येऊन झोपावे. तीन वर्षांच्या पोराला गाडीत झोपवण्याचे हे चोचले कशासाठी, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. मी जर्मनीत राहतो आणि दोन लहान मुलांसह मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून हिंडतो, त्यामुळे दोन्ही तट मला आपला साक्षीदार मानतात. मला मात्र दोघांचेही भांडण गाडीपाशीच अडकलेले दिसते.

गाडी चालत असताना कॅराव्हॅनचा मुलांना काडीचाही उपयोग नसतो. पलंगावर लोळत, खिडकीतून डोंगर पाहत निघालेली मुले हे जाहिरातीतले चित्र आहे. जर्मनीत मोटारीने ओढलेल्या कॅराव्हॅनमध्ये प्रवासात कोणी बसायचेच नसते; मुले पुढच्या मोटारीत, आपापल्या बालआसनात पट्ट्याने बांधलेली असतात, आणि हा नियम बारा वर्षे किंवा दीडशे सेंटिमीटर उंची होईपर्यंत सुटत नाही. कॅराव्हॅन जोडल्यावर वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर, म्हणजे प्रवास लांबतो आणि रडारडही. भारतातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ब चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचे करते आणि नियम मोडल्यास एक हजार रुपये दंड सांगते. तरीही आपल्याकडे मूल आईच्या मांडीवरच सुरक्षित मानले जाते, आणि फिरत्या घराच्या कल्पनेत ही समजूत अधिकच सुखाने नांदेल अशी मला भीती वाटते.

खरा लाभ गाडी थांबल्यावर सुरू होतो. गाव रोज बदलते, पण पलंग तोच, उशी तीच, संध्याकाळी सातला शेगडीवर तीच मऊ खिचडी. लहान मुलाला प्रवासात ज्याने चीड येते ते सारे टळते. मात्र हे सुख गाडीइतकेच जागेमुळे मिळते. जर्मनीत कॅराव्हॅन मुक्कामाला उभ्या करतात त्या तळावर वीज जोडण्याचा खांब असतो, पिण्याच्या पाण्याचा नळ असतो, सांडपाणी ओतण्याची जागा असते, कित्येक ठिकाणी मुलांच्या उंचीची हात धुण्याची भांडी असतात. आत मोटारी माणसाच्या चालीने चालतात, आणि बहुतेक ठिकाणी दुपारी एक ते तीन शांतता पाळतात, त्या वेळी फाटकही उघडत नाहीत.

आणि कॅराव्हॅनमधल्या संडासाखालची, मैला साठवणारी पेटी. साधारण वीस लिटरांची ही पेटी चौघांच्या कुटुंबात दोन-तीन दिवसांत भरते, आणि ती बाहेर काढून, ठरलेल्या जागी नेऊन, रिकामी करून धुण्याचे काम घरातल्याच माणसाने करायचे असते. सकाळी डॉक्टर, गवंडी, प्राध्यापक असे सगळे आपापली पेटी ओढत एकाच रांगेत उभे असतात, आणि मुलांना त्यात काहीच विशेष वाटत नाही. आपल्याकडच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढत नाही, कारण कॅराव्हॅन म्हटली की चालक आणि मदतनीस आलेच, हे आपण गृहीत धरतो. ती पेटी मग कोण उचलणार? हाताने मैला उपसायला लावण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला. ‘कोणीतरी करील’ ही आपली सवय त्याने गेलेली नाही.

इंदूरने ही सवय निदान कचऱ्यापुरती मोडून दाखवली आहे, म्हणून मला आशा आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक राखणाऱ्या या शहरात माझी सत्तरीतली आत्या ओला, सुका आणि घातक कचरा न चुकता वेगळा देते. २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरल्याचा मानही इंदूरला मिळाला. नर्मदेच्या काठी गाड्या उभ्या करण्याआधी त्यांचे पाणी कुठे जाणार हे ज्यांना ठरवता येईल, असे लोक या शहरात आहेत. अहिल्याबाईंनी यात्रेकरूंसाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. त्या काळीही वाहन ज्याचे त्याने पाहिले.

काकांच्या बाजूचेही काही खरे आहे. मे महिन्यात, म्हणजे नेमक्या शाळेच्या सुट्टीत, माळव्याच्या उन्हात तापलेली कॅराव्हॅन रात्रभर वातानुकूलनाशिवाय राहण्याजोगी नसते. मांडू खुलते पावसाळ्यात, तेव्हा शाळा भरलेल्या असतात. जर्मनीतही हेच आहे: मूल सहाच्या आसपास शाळेत गेले की सक्तीच्या हजेरीमुळे सर्वांना उन्हाळी सुट्टीतच निघावे लागते, आणि तेव्हाचे भाडे पाहून स्वस्ताईची भाषा थांबते.

त्याहून मोठी अडचण आजी-आजोबांची आहे. जर्मन कुटुंब चौघांचे धरून गाडीत चार पलंग बसवले जातात, पण इंदूरचे कुटुंब महेश्वरला निघाले की आजी असतेच, आणि तिचे गुडघे त्या अरुंद पायरीला दाद देत नाहीत. म्हणून राज्याने आणखी गाड्या घेण्याआधी महेश्वरजवळ, घाटापासून दूर, वीज, नळ आणि मैल्याची बंदिस्त टाकी असलेला एक छोटा तळ करावा, आणि त्याला लागूनच जमिनीवर, पायरीविना, चार-सहा खोल्या बांधाव्यात. पोरे गाडीत झोपतील आणि रात्री भीती वाटली तर आजीच्या खोलीत जातील.