बिडाच्या तव्यावरचा चिकन स्टेक

घरी स्टेक करायचा म्हटलं की आपल्याकडे आधी आलं-लसूण पेस्ट आणि दही बाहेर निघतं. कृपया दोन्ही परत ठेवा. दही ओलं असतं, पेस्ट करपून कडू होते, आणि मांस तव्यावर भाजलं जाण्याऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतं.

मूळ स्टेक गोमांसाचा. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हणून बरेच जण बोकडाच्या मांडीकडे वळतात आणि तिथेच फसतात. मांडीचे स्नायू कायम राबलेले असतात. त्यातलं कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, विरघळायला मंद आचेवर तास-दीड तास लागतो, दहा मिनिटांत ते फक्त आवळतं. कच्ची पपई चोळली तर वरचा थर लगदा होतो आणि आतला चिवटपणा तसाच राहतो. मटण रश्श्यालाच द्यावं. झटपट आणि स्वस्तात करायचं तर कोंबडीची छाती घ्या.

दुकानात मात्र बोनलेस मागू नका. ‘दादा, ब्रेस्ट हाडासकट अख्खा द्या, करी कट नको,’ हे सुरी चालायच्या आधी सांगा. समोर कापलेल्या कोंबडीचे स्नायू पुढचे काही तास ताठरलेले असतात. तेवढ्यात हाडावरून सोडवले की ते आखडतात आणि कितीही नीट भाजा, चिवट लागतात. सकाळी आणून हाडासकट फ्रीजमध्ये ठेवा, संध्याकाळी घरी सोडवा. छातीच्या मधल्या हाडाला चिकटून सुरी फिरवली की दोन्ही बाजू अलगद सुटतात. दोघांना ४०० ग्रॅम मांस पुरतं. हाडं, एक कांदा आणि दोन पेले पाणी कुकरला लावा. हा स्टॉक पुढे लागणार आहे.

छातीचा तुकडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असतो. जाड बाजू शिजेपर्यंत पातळ बाजू भुसा होते. ‘चिकन ब्रेस्ट कोरडंच लागतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून जाड बाजूवर लाटण्याने हलके ठोके द्या, सगळीकडे साधारण दीड सेंटीमीटर जाडी येऊ द्या.

आता मीठ. ४०० ग्रॅमला ४ ग्रॅम, म्हणजे सपाट पाऊण छोटा चमचा. चोळून ४५ मिनिटं फ्रीजमध्ये उघडं ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत मीठ पाणी बाहेर ओढतं, पुढे तेच खारं पाणी मांसात परत मुरतं. म्हणून मीठ लावायचं तर तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी किंवा ४५ मिनिटं आधी. दहा-पंधरा मिनिटं ही सगळ्यात वाईट वेळ, कारण तेव्हा तुकडा सगळ्यात ओला असतो. मीठ मुरण्याच्या ४५ मिनिटांत बटाटे उकडून घ्या.

तुकडा सुती कापडाने दाबून कोरडा करा. ही पायरी गाळलीत तर बाकीची मेहनत पाण्यात. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग साधारण १४० च्या पुढेच धरतो.

बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळाला की मोठा चमचाभर शेंगदाण्याचं तेल घाला आणि तुकडा आपल्यापासून लांबच्या बाजूला आडवा सोडा. नॉनस्टिक रिकामं इतकं तापवू नये, थर खराब होतो. चार मिनिटं हात लावायचा नाही. सुरुवातीला तुकडा तव्याला धरून बसतो, रंग आला की आपोआप सुटतो. ओढून काढलात तर तो तांबूस पापुद्रा तव्यावरच राहील. उलटून तीन मिनिटं. शेवटच्या मिनिटाला चमचाभर लोणी आणि ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या घाला, तवा तिरका करून ते लोणी चमच्याने वर ओतत राहा. लोणी आधी घातलं तर जळतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ७४ अंश, नसेल तर जाड जागी सुरी टोचून रस स्वच्छ येतो का पाहा.

ताटलीत काढून पाच मिनिटं थांबा. वर घट्ट झाकण नको, वाफेने कुरकुरीतपणा जातो.

याच पाच मिनिटांत सॉस. तव्याला चिकटलेला तांबूस भाग म्हणजे खरी चव, तो घासून टाकू नका. बारीक चिरलेला अर्धा कांदा परता, अर्धी वाटी स्टॉक ओतून तळ खरवडा, आणि हंगाम असेल तर निफाड-दिंडोरीकडची पंधरा काळी द्राक्षं अर्धी करून टाका. शरद सीडलेस जातीची इथे फार सुरेख लागतात. दोन मिनिटांत वाटीत काढून घ्या. बिडावर आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला की लोखंडाची चव उतरते आणि तव्याचा मुरलेला थरही जातो. नाशिकची लाल वाईन घालायची असेल तर त्यासाठी स्टीलची कढई घ्या. शेवटी भरड मिरपूड.

उकडलेले बटाटे तळहाताने चेपून त्याच तव्यावर लालसर करा. मांस धाग्यांच्या आडवं कापा, ताटलीत साठलेला रस सॉसमध्ये ओता आणि लगेच वाढा.