स्कूबाचा कोर्स सुट्टीत कोंबू नका

गेल्या महिन्यात थायलंडमधल्या को ताओ बेटावर स्कूबा डायव्हिंग केल्याचे फोटो टाकल्यापासून रोज कोणीतरी विचारतंय. कोर्स किती दिवसांचा, खर्च किती, पोहता यायलाच हवं का, चाळिशीनंतर जमतं का. प्रत्येकाला इनबॉक्समध्ये तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझा पहिला, फसलेला कोर्स. सहा वर्षांपूर्वी एका बेटावर आमची पाच रात्रींची सहल होती. तिथे 'ओपन वॉटर कोर्स, दोन दिवसांत' असा बोर्ड दिसला (हा स्कूबाचा पहिला कोर्स, पूर्ण केला की कार्ड मिळतं) आणि मी पैसे भरले. एका इन्स्ट्रक्टरमागे आम्ही आठ जण. काउंटरवर वैद्यकीय प्रश्नावली पुढे सरकवून सांगितलं, सगळीकडे 'नाही' लिहा, नाहीतर डॉक्टरची सही आणावी लागेल. मी लिहिलं. बीपीची गोळी तेव्हाही चालू होती. त्या खोट्या 'नाही'ची मला आजही लाज वाटते.

कोर्सच्या दुसऱ्या दिवशी मला सर्दी होती. पाण्यात उतरलो आणि दाबाने दडलेला कान मोकळा होईना. वर जाण्याची खूण करायला हवी होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची फ्लाइट होती, म्हणजे आज नाही तर कधीच नाही. नाक दाबून, जोर लावून मी खाली जात राहिले. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. परतीच्या विमानात डोकं धरून बसले, आणि ठाण्यात ईएनटी डॉक्टरांनी बघितलं तर कानाच्या पडद्यामागे रक्त साचलेलं. कार्ड तर मिळालं नाहीच, महिनाभर डाव्या कानाने नीट ऐकूही येत नव्हतं.

त्या दुकानाची चूक होतीच. पण सहलीचं वेळापत्रक मी आखलं होतं, आणि समुद्र त्या वेळापत्रकाप्रमाणे वागेल असं धरून चालले होते.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपण करतो तो अनुभव वेगळा आणि हा कोर्स वेगळा. तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून धरून असतो, तुम्ही फक्त श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. ते सुंदरच आहे, मी आईलाही नेलं होतं. ओपन वॉटरचं कार्ड मात्र सांगतं, की ही व्यक्ती आता बडीसोबत, म्हणजे बरोबरच्या जोडीदारासोबत, इन्स्ट्रक्टरशिवाय, १८ मीटरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे मास्क निघाला, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो तोंडातला भाग) सुटला, हवा संपत आली, तर काय करायचं हे तुमच्या हाताला आपोआप यायला हवं. ते दोन दिवसांत आठ जणांच्या रांगेत येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की समुद्र परदेशातला घ्या, पण शिकणं जमेल तितकं घरून करून जा. बहुतेकांना माहीतच नसतं की असं करता येतं. थिअरी आणि पूलमधला भाग इथे पूर्ण करायचा, इन्स्ट्रक्टर तसं लिहून देतो, त्याला रेफरल म्हणतात. मग समुद्रातल्या चार डाइव्ह दुसरीकडे करायच्या. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे हे रेफरल १२ महिने चालतं. मुंबई-पुण्यात पूलमध्ये शिकवणारे इन्स्ट्रक्टर आहेत, आणि तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षणाची संस्थाही आहे.

मी तसंच केलं. मुंबईतल्या एका पूलमध्ये चार रविवार. त्यातले दोन रविवार फक्त मास्कने खाल्ले. पाण्याखाली गुडघ्यांवर बसून मास्क पूर्ण काढायचा, पुन्हा घालायचा आणि आत भरलेलं पाणी बाहेर काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण नाकावर पाणी आलं की शरीर म्हणतं, वर पळ. तोंडात रेग्युलेटर आहे, हवा व्यवस्थित येतेय, तरी छाती धडधडते आणि पाय आपसूक तळ सोडतात. सात-आठ वेळा मी अशी वर पळाले. इन्स्ट्रक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगा. दर वेळी तो मागोमाग वर यायचा आणि तेच सांगायचा, "ताई, घाई नाही. मास्कची वरची कड कपाळाशी दाबा, थोडं वर बघा आणि नाकातून हवा सोडा. नाकातून, तोंडातून नाही." तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा मास्कमधलं पाणी खालून निघून गेलं आणि समोर त्याचा चेहरा स्वच्छ दिसला. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता, पाण्याखाली, आवाज न होता.

हे आपल्या भाषेत शिकता आलं याचं मोल मला फार वाटतं. आठ जणांत, परक्या उच्चारातल्या इंग्रजीत, मी पहिल्या वेळी एकदाही "पुन्हा सांगा" म्हणू शकले नव्हते. घाबरलेल्या माणसाला परक्या भाषेत नीट प्रश्न विचारता येत नाहीत.

अंगठ्याची खूण सगळ्यांनी घरूनच घोटून जावी. आपण मजेत आहोत हे सांगायला सवयीने अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा.

आता को ताओबद्दल. थायलंडच्या आखातातलं हे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. तिथे विमानतळ नाही, को सामुईहून किंवा चुम्फोनहून बोटीने जावं लागतं. बेटावर डाइव्ह शॉप इतकी आहेत की जगभरातून लोक पहिला कोर्स करायला इथेच येतात. पूर्ण कोर्सला मला १० ते ११ हजार बाटचे दर सांगितले गेले. दरापेक्षा दोन प्रश्न आधी विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, आणि मला ठरल्या दिवसात जमलं नाही तर काय? नियमाने आठ विद्यार्थी चालतात. आमच्या बोटीवर आम्ही तिघी होतो.

या वेळी मी सात दिवस ठेवले होते, समुद्रातलं काम दोन दिवसांचं असूनही. आणि पहिल्याच दिवशी चार मीटरवर तोच डावा कान अडला. पोटात गोळा आला. इन्स्ट्रक्टरने माझा हात कानाकडे गेलेला बघितला, थोडं वर घेतलं, पुन्हा खाली, पुन्हा अडला. मग तिने सरळ अंगठा वर केला. बोटीवर म्हणाली, आज नाही, उद्याही नाही, परवा बघू. मी दोन दिवस साइरीच्या किनाऱ्यावर बसून होते. परवा कान झक्क मोकळा झाला. त्या दोन मोकळ्या दिवसांवरच माझं कार्ड उभं आहे.

तिसऱ्या डाइव्हला तिने रिकामी, झाकण घट्ट लावलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली खाली नेली. १० मीटरवर ती चेपून निम्मी झाली होती. वर येताना पुन्हा फुगली. तिथे दाब दुप्पट असतो, म्हणून हवा निम्मी जागा घेते, हे पुस्तकात वाचलं होतं. पण ती चेपलेली बाटली बघितल्यावर 'श्वास कधीही रोखायचा नाही' हा पहिला नियम अंगात भिनला. खाली घेतलेला श्वास रोखून वर आलात तर तीच हवा छातीत दुप्पट व्हायला बघते.

चौथी डाइव्ह को नांग युआनजवळ, ट्विन्स नावाच्या जागी. को नांग युआन म्हणजे वाळूच्या पट्ट्याने एकमेकांना जोडलेली तीन छोटी बेटं. तळाशी कोणीतरी दगडांचं रिंगण करून एक अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) राखलाय आणि त्यात क्लाउनफिश या छोट्या माशांचं कुटुंब राहतं. मी हात छातीशी धरून जवळ थांबले, तर बोटाएवढा मासा पुढे येऊन माझ्या मास्कवर धावून आला. आपलं घर राखत होता. मी मागे झाले.

शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमान नको. अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडतो आणि उंचीवर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सहा वर्षांपूर्वीची माझी सकाळी सहाची फ्लाइट याही हिशोबात बसत नव्हती आणि कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मालवणला दिवसभर खोल डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली चढणाऱ्या कार्डधारकांनीही हे लक्षात ठेवावं, घाट सुमारे ७०० मीटर वर नेतो.

दिवाळीच्या सुट्टीत को ताओचा बेत करू नका. नोव्हेंबरमध्ये आखातात तिथला पावसाळा असतो, समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ. तेव्हा थायलंडच्याच पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या बाजूला जा. तिथली सिमिलन बेटं ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असतात. प्रवासविम्यात स्कूबा धरलंय का आणि किती मीटरपर्यंत, तेही बघून घ्या.

वैद्यकीय प्रश्नावली घरीच उतरवून घ्या आणि खरी भरा. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदय, फिट्स, ४५ नंतर बीपी, जे असेल ते लिहा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. मी या वेळी बीपी लिहिलं, ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट झाली, सही मिळाली.

पोहणं यायलाच हवं. २०० मीटर न थांबता पोहायचं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगत राहायचं. येत नसेल तर आजच क्लास लावा. मी ४४व्या वर्षी लावला होता.

भाची पुढच्या फेब्रुवारीत को ताओला जातेय. काल तिचा पूलमधला दुसरा रविवार होता. मास्क काढून पुन्हा घालणं तिला अजून जमलेलं नाही. पुढच्या रविवारी मीही तिच्यासोबत पाण्यात उतरणार आहे.