दोन गुणिले चार गुणिले दोनशे चाळीस

आज सकाळी माझं ड्रॉइंग परत आलं. लाल पेनानं एक गोल आणि शेजारी दोन शब्द: "रेघ खोडलेली?"

खोडलेली नव्हती. ती तिरकी काडी होती, शेजारी ८ लिहिलेला. विजेच्या जोडणीच्या सिंगल लाइन डायग्राममध्ये रेघ एकच काढतात आणि तिच्यात तारा किती ते अशा काडीनं सांगतात. तीन तारांना तीन काड्या, नाहीतर एकच काडी आणि जवळ ३. आयईसी ६०६१७ ला, म्हणजे अशा ड्रॉइंगमधल्या चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकाला, दोन्ही चालतं. मी आकडा घालते, कारण झेरॉक्सची झेरॉक्स निघाली की काड्यांचं गवत होतं.

गोल पर्चेसच्या गृहस्थांचा. ड्रॉइंग त्यांच्याकडे नुसतं केबलच्या ऑर्डरसाठी गेलं होतं. जाब विचारायला गेले, तर समोर कॅल्क्युलेटर.

"बरं झालं आलात मॅडम. हे २ × ४ कोर × २४०. गुणाकार केला. एक हजार नऊशे वीस. मीटरच ना?"

"नाही हो. २४० चौरस मिलिमीटर, एकेका कोरची, म्हणजे केबलच्या आतल्या तारेची जाडी. चार कोरची केबल, अशा दोन."

"दोन? रेघ तर एकच आहे."

"दोन समांतर आहेत. करंट एकीला झेपत नाही, म्हणून दोघींत वाटलाय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "समांतर रेषा एकमेकींना कधीच मिळत नाहीत. शाळेत होतं. तुमच्या या दोघी?"

"दोन्ही टोकांना मिळतात."

"मग समांतर कसल्या?"

इतकी वर्षं रेघा ओढतेय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. भूमितीत मिळाल्या की समांतरपणा गेला; आमच्याकडे दोन्ही टोकांना मिळाल्या नाहीत तर गेला. माणूस बरोबर बोलत होता, राग त्याचाच जास्त आला.

"असो. एक शंभर मीटरची मागवतो. दुसरी ऐंशीची स्टोअरमध्ये पडून आहे, तीच लावू."

मी अक्षरशः हात जोडले. लांबी, जाडी, धातू, सगळं सारखं हवं. नाहीतर ९०० अँपिअरमधले साधारण ५०० ऐंशीवाली ओढणार आणि शंभरवालीच्या वाट्याला ४०० येणार.

"म्हणजे जो जवळ सापडेल त्याच्यावर लोड," ते म्हणाले. "आपल्या ऑफिससारखंच."

हसू आलं, पण दाबलं. अशा वेळी हसलं की आपलं म्हणणं खपतं असं समोरच्याला वाटतं.

ठिपक्याचं दुखणं वेगळंच. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं ठिपका असेल तर जोड, नसेल तर नुसतं ओलांडणं. म्हणून चार रेघा मी एका ठिपक्यात आणतच नाही, दोन जोड जरा सरकवून काढते. तरी एकदा साइटवरून फोन आला, इथं जोड दाखवलाय म्हणून. तो माशीनं दाखवला होता!

मग सगळ्याच तारा सुट्ट्या काढायच्या का? एकदा काढल्या. "ड्रॉइंग आहे की विणकाम?" अशा शेऱ्यासह परत आल्या. कमी काढल्या तर कळत नाही, जास्त काढल्या तर बघवत नाही, आणि दोन्ही वेळा रात्री थांबायचं मी.

शेवटी आज दोन रेघा काढल्या, प्रत्येकीवर काडी, काडीजवळ ४, खाली टीप: "दोन स्वतंत्र केबल, लांबी समान." वाचायला पाठवलं. संध्याकाळी सही होऊन आलं. रिव्हिजनच्या तक्त्यात "कारण" हा रकाना त्यांनी आपणहून भरला होता: "ड्राफ्टिंगची चूक." पुढे माझी आद्याक्षरं, तीही त्यांच्याच अक्षरात.